नागपुरात गाडी ॲपवर लावताय? आधी रिकामं उभं राहायला शिका

राजेहो, कापसाचं यंदाही काही खरं नाही म्हणून फायनान्सवर गाडी उचलली आणि नागपुरात ओला-उबरसारख्या टॅक्सी ॲपवर लावायचं ठरलं असेल तर अभिनंदन. गाडी चालवता येते का हे कोणी विचारत नाही, मुख्य काम उभं राहायचं आहे, आणि कुठं उभं राहायचं हे कंपनी नकाशावर लाल डाग दाखवून सांगते. लाल म्हणजे तिथं गिऱ्हाइक जास्त, गाड्या कमी, भाव चढलेला.

तर लाल दिसलं की डोळे झाकून पळायचं. बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, लाल झालं म्हणून तुम्ही वाडीहून निघता, हिंगण्याहून दुसरा निघतो, कामठी रोडवरून चार जण निघतात, आणि सगळे पोचेपर्यंत तो डाग विरून गेलेला असतो. नाराज नका होऊ भाऊ, त्यालाच तर बॅलन्स म्हणतात. गिऱ्हाइकाला दोन मिनिटात गाडी, कंपनीला कमिशन, ज्याला राइड लागली त्याला राइड, आणि बाकीच्यांचं नुसतं तेल जळालं, तेवढं तर चालायचंच.

आपले दारव्हा-दिग्रसकडचे काळीपिवळी जीपवाले अडाणी बिचारे. नंबरात गाडी लावायची, पहिली भरली की दुसरीनं पुढं यायचं, आणि "एकच सीट बाकी, निघालीच" असं तासभर ओरडत मधात चार, मागं सहा, समोर ड्रायव्हरच्या दोन्ही बाजूंनी माणसं कोंबून गिअर टाकायलाही शेजाऱ्याला गुडघा सरकवायला सांगायचं. बाजाराच्या दिवशी सकाळी गाड्या खेड्यात, दुपारी बाजाराच्या तोंडाशी, आणि शेवटची एसटी हुकली की भाडं दुप्पट. म्हणजे सगळं येत होतं लेकाच्यांना, फक्त आपल्यापुढं किती गाड्या आहेत हे प्रत्येकाला डोळ्यानं दिसायचं, ही एक मोठी चूक. ॲपमध्ये ती सुधारली आहे. (२०२३ ला एसटीत बायांना अर्धं तिकीट झालं आणि यांची सीट भरेना, पण तो विषय वेगळा.)

विमानतळावर मात्र ॲपही नंबर लावतं. तिथं ठरवलेल्या हद्दीतच बसायचं. समोर रस्त्यापलीकडं चहा प्यायला गेलात की नंबर गेला, परत शेवटून सुरू. तेव्हा थर्मास न्या, आणि बाकीच्या गरजांचं तुमचं तुम्ही पाहून घ्या.

एक वाईट गोष्ट सांगतो, शिकू मात्र नका. २०१९ मध्ये अमेरिकेत वॉशिंग्टनच्या रेगन विमानतळावर ड्रायव्हर लोकं विमान उतरायच्या वेळेला सगळे मिळून ॲप बंद करायचे, ॲपला वाटायचं गाड्याच नाहीत, भाव चढायचा, की सगळे परत चालू. आपल्याकडं हे जमणार नाही, कारण सगळ्यांनी बंद करायचं ठरलं की एक जण हळूच चालू ठेवतो आणि तो बहुतेक आपला साळाच असतो. काळीपिवळीवाल्यांची एकी पाहायची तर २०२१-२२ चा एसटीचा संप आठवा, भाडं वाढवायला मीटिंगसुद्धा घ्यावी लागली नाही.

आता सर्जच्या, म्हणजे या चढलेल्या भावाच्या, भरवशावर हप्त्याचा हिशोब मांडला असेल तर ॲप-टॅक्सीसाठीची केंद्राची २०२५ ची गाइडलाइन वाचा, भाडं बेसच्या, म्हणजे ठरलेल्या मूळ भाड्याच्या, दुप्पट होऊ शकतं. वाचलं? खूश झालात? आता पुढं वाचा, मागणी नसली तर ते निम्म्यापर्यंत उतरूही शकतं. तुम्ही दुप्पटवर गाडी घेतली आणि रोजचं काम निम्म्याच्या आसपास, इतकंच.

आणि कधी भिवापूरची लांब राइड लागली तर नाचू नका, परतीचं कोणी देत नाही. तिथं चौकात ॲप उघडून उभे राहा, लाल नाही, गुलाबी नाही, काहीच नाही. थोड्या वेळानं एखादा स्टँडवरचा माणूस काचेवर टकटक करून विचारेल, "भाऊ, खाली चालली का नागपूरले? चार सीटा देतो, लगेच." ॲपच्या नियमात हे बसत नाही, म्हणून अजिबात हो म्हणू नका. म्हटलंच तर आधी ॲप बंद करा, नाहीतर नेमकी तेव्हाच राइड वाजते, तीही उलट्या दिशेला.