मेणबत्ती किसायच्या आधी जरा थांबा

काल मावशीचा फोन, "अगं, मेणबत्ती साधी चालेल का वाढदिवसाची?" मला वाटलं लाईट गेलेत. पण नाही, तिला दिवाळीच्या ऑर्डरची चॉकलेटं करायची होती! फॅमिली ग्रुपवर फिरणारा तो मेसेज: कुव्हर्चर (भरपूर कोको बटरचं भारी चॉकलेट) चमकतं ते त्यात मेण असतं म्हणून, ते आणि साधं कंपाउंड (वनस्पती फॅटचं चॉकलेट) एकच, वरचा पांढरा थर म्हणजे बुरशी, तेव्हा पैसे वाचवा आणि घरीच मेण किसून टाका.

आधी मेणाचंच बघू. कुव्हर्चरची चमक कोको बटरची, म्हणजे कोकोच्या बियांतल्या फॅटची असते. ते सहा तऱ्हांनी गोठतं, त्यातली पाचवी तऱ्हाच चकचकीत आणि कट्‌कन तुटणारी, आणि तीच मिळावी म्हणून टेम्परिंगचा, म्हणजे ठराविक तापमानांना गरम-थंड करण्याचा, सगळा खटाटोप. डार्क असेल तर ४५-५० डिग्रीला पूर्ण वितळवायचं, हलवत हलवत २७-२८ वर आणायचं, मग परत ३१-३२. सुरीचं टोक बुडवून बाजूला ठेवा, पाचेक मिनिटांत सुकून चमकलं तर जमलं, पट्टे उमटले तर पुन्हा पहिल्यापासून. मे महिन्यात मी एकाच दिवशी तीनदा केलंय, रडकुंडीला आले होते, पण म्हणून मेणबत्तीकडे हात नाही गेला.

बरं, खायचं मेण असतं हे मान्य. रंगीत चॉकलेट गोळ्यांना कार्नोबा मेणाचं पॉलिश असतं, अमेरिकेत घरच्या चॉकलेटात पॅराफिन मेण घालायची जुनी पद्धतही आहे. पण ते खाण्यासाठी म्हणून विकतात हो! तुमच्या मेणबत्तीत कुठला रंग, कुठला सेंट, पाकिटावर लिहिलेलं असतं का? आणि ते खाणार कोण, तर पोरं.

'एकच असतं' म्हणणाऱ्यांसाठी: कोडेक्स, म्हणजे अन्नाचे आंतरराष्ट्रीय दर्जे ठरवणारी यंत्रणा, सांगते की डार्क कुव्हर्चरमध्ये किमान ३५ टक्के कोको घन पदार्थ (कोकोच्या बियांतून आलेला सगळा भाग) हवेत, आणि त्या ३५ पैकी किमान ३१ टक्के, म्हणजे एकूण चॉकलेटच्या ३१ टक्के, कोको बटरच. कंपाउंडमध्ये कोको बटरच्या जागी वनस्पती तेलाचं फॅट. उकाड्यात कंपाउंड सोपं पडतं, टेम्परिंग लागत नाही, रिटर्न गिफ्टला मीही वापरते, पण मग तसं सांगून विकते.

आणि बुरशी? तो थर म्हणजे वर आलेलं कोको बटर, नाहीतर फ्रिजच्या दमटपणाने वर आलेली साखर. वितळवून परत टेम्पर करा, नाहीतर केकमध्ये ढकला.

हे मावशीला सांगितलं तर ती गप्पच. किलोभर कुव्हर्चर सकाळीच घंटागाडीत गेलं होतं.