खुलासा: फोटोत मांडव काळा पडतो तो फ्लॅशमुळं नव्हे

कोल्हापुरातल्या फोटोग्राफर मंडळींत एक मेसेज फिरतोय: ‘कॅमेऱ्यापासून सुटा लावलेल्या छोट्या फ्लॅशनं मागचा मांडव काळा पडतो, मोठे लाइटच भाड्यानं घ्या.’ हे चूक आहे. काळोख येतो तो आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता) १०० इतका कमी आणि शटर १/२०० सेकंद इतकं जलद ठेवल्यानं. फ्लॅशचा उजेड क्षणात येऊन जातो. शटर हळू केलं तरी तो तेवढाच राहतो, वाढतो तो माळांचा, झुंबरांचा उजेड. आयएसओ १६००, शटर १/६०, लेन्सचं छिद्र एफ २.८ ठेवून बघा, फ्लॅश पूर्ण ताकदीच्या १/१६ वर, नवरीच्या डोक्यापेक्षा उंच. बल्ब पिवळे असतील तर फ्लॅशवर केशरी जिलेटीन (रंगीत पारदर्शक कागद) हवंच, नाहीतर चेहरा पांढरा आणि मांडव केशरी येतो. अंतर दुप्पट झालं की उजेड पावच उरतो, त्यामुळं खासबाग कुस्ती मैदानाच्या गॅलरीतून पैलवानापर्यंत तो पोचणार नाही, हे मात्र खरं.