मुंबई-दुबई पावणेदोन तासांत? खुलासा

‘विमान मुंबईहून दुबईला पावणेदोन तासांत जातं, परतीला मात्र साडेचार तास लागतात, कारण पृथ्वी पूर्वेकडे फिरते’ असा मेसेज तिकिटाच्या फोटोसकट फिरतोय. फोटो खरा असेलही, पण काढलेला अर्थ चूक.

तिकिटावर दोन्ही वेळा त्या त्या गावच्या असतात. दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. पहाटे ४.३० ला निघून ६.१५ ला उतरलात, तर तिथे उतरताना हातातलं घड्याळ ७.४५ दाखवतं. म्हणजे सव्वातीन तास. परतीला १०.०० ते दुपारी २.३०, त्यातून दीड तास वजा केला की उरतात तीनच. अंतर दोन्हीकडून सारखंच, सरळ हवाई मार्गाने साधारण १,९३० किलोमीटर.

आता पृथ्वीचं. मुंबईच्या अक्षांशावर जमीन ताशी सुमारे १,५८० किलोमीटरने फिरते, पण हवाही तिच्याबरोबरच फिरते. तसं नसतं तर विमान सोडाच, चौपाटीवरचा भेळवालाही जागेवर उभा राहिला नसता!

जाता-येताना जो पंधरा-वीस मिनिटांचा खरा फरक पडतो, तो मुख्यतः वाऱ्यामुळे. उंचावर बहुतेकदा पश्चिमेकडून पूर्वेकडे वारे वाहतात, हिवाळ्यात जास्तच जोरात. जाताना ते समोरून येतात, येताना पाठीमागून ढकलतात. शिवाय तिकिटावरच्या वेळेत धावपट्टीपर्यंत रांगत जाणंही धरलेलं असतं, आणि मुंबईत ते काही थोडं नसतं.

घ्यायला जाणाऱ्यांनी उतरण्याची वेळ जशी छापलीय तशीच धरावी. त्यात दीड तास मिळवू नये.