बारा एएच म्हणून काय वाट्टेल ते विकाल का?

डोकं फिरलंय. कयाकवरच्या फिश फाइंडरला, म्हणजे पाण्याची खोली आणि मासे दाखवणाऱ्या स्क्रीनला, 'लिथियम फॉस्फेट, १२.८ व्होल्ट, १२ एएच (अँपियर-अवर, म्हणजे बॅटरीची साठवण), वॉटरप्रूफ, फिश फाइंडरसाठी खास' म्हणून घेतलेली बॅटरी आज कटरने कापून उघडली आणि आत निघाले सहा सेल. सहा! ते पण साधे १८६५० मापाचे, लॅपटॉपमध्ये असतात तसले, तीन सिरीजला, दोन पॅरललला, आणि उरलेल्या डब्यात फोम कोंबलेला. सेलवर कंपनीचं नाव नाही. दोन सेलच्या टोकांवर जुन्या वेल्डिंगचे ठिपके तसेच दिसतायत, म्हणजे कुठल्यातरी मेलेल्या पॅकमधून उचकटून काढलेले सेल नवा निळा श्रिंक रॅप चढवून मला विकलेत.

अहो, चांगल्यातला चांगला १८६५० सेल साडेतीन एएचच्या आसपास थांबतो. दोन पॅरललला लावले की सात. ह्या डब्यात बारा एएच बसणं शक्यच नाही, आणि हे असले भंगारातले सेल चार तरी देतील का शंकाच आहे. लेबलप्रमाणे १२.८ गुणिले १२ म्हणजे १५३ वॉट-अवर, एकूण साठलेली ऊर्जा, व्हायला पाहिजेत, हातात जेमतेम पंचेचाळीस. आणि हा फॉस्फेट तर नाहीच नाही. फॉस्फेटचा चार सेलचा पॅक फुल चार्ज करून ठेवला की १३.३ व्होल्टच्या आसपास स्थिरावतो, हा फुल चार्जलाच साडेबारा दाखवत होता. दुधात पाणी घालणारा निदान थोडं दूध तरी घालतो.

आता कुणीतरी म्हणेल एवढं काय त्यात, स्क्रीनच बंद पडली ना. स्क्रीनच?? रेवदंड्याला कुंडलिकेच्या खाडीत जिताड्यासाठी आत गेलोय, उधाणाचे दिवस, ओहोटी लागलेली, पाणी मुखाकडे नुसतं ओढतंय आणि वाळूची भाटी कुठे वर आली, खोल पाट कुठून जातो हे त्या एका आकड्यावर बघत मी परत येतोय आणि तेवढ्यात स्क्रीन काळी. खोली गेली, जीपीएसवरची आल्या वाटेची रेघ गेली, सगळं गेलं. मोठ्या होडीवाल्याकडे इंजिनाची बॅटरी असते, वायरलेस असतो, सोबत चार माणसं असतात. कयाकवर एकट्याकडे वल्हं आणि तो डबा. म्हणून चांगले पैसे मोजून घेतला होता तो.

आणि खरा संताप पुढेच आहे. विक्रेत्याला मेसेज केला, फोटो पाठवले, मल्टिमीटरचं रीडिंग पाठवलं. उत्तर काय? 'सर, बोटीत वापरल्यामुळे वॉरंटी लागू होणार नाही.' अरे तुझ्याच जाहिरातीच्या पहिल्या फोटोत पिवळी कयाक आहे! तिच्यात बसलेला माणूस हसतोय आणि त्याच्या पायाशी हीच बॅटरी आहे! हे लिहिलं तर म्हणे 'तो फोटो केवळ माहितीसाठी'. कसली माहिती? मग म्हणे पाणी गेलं असेल. वॉटरप्रूफ लिहिलंय ना मोठ्या अक्षरात? मग म्हणे प्रॉडक्ट उघडल्यामुळे क्लेम रद्द. म्हणजे उघडलं नाही तर पुरावा नाही आणि उघडलं तर वॉरंटी नाही. शेवटी पुढच्या खरेदीवर वीस टक्के सूट देऊ म्हणतोय. पुढची खरेदी! ह्याच्याकडून! तीन वेळा विचारलं, डब्यावर बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोच्या नोंदणीचा, आर नंबर का नाही, लिथियम सेल आणि बॅटरीला आयएस १६०४६ ह्या मानकाची नोंदणी सक्तीची आहे. त्यावर 'सर, हॅव अ नाइस डे' आणि चॅट बंद. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, तक्रार टाकली आहे. पूर्ण पैसे घेतल्याशिवाय सोडत नाही.

ह्या निमित्ताने सगळंच आठवायला लागलंय. दुकानात जाऊन बारा व्होल्टची छोटी बॅटरी मागा, काउंटरवरचा माणूस आधी विचारणार 'गाडी कुठली?' गाडी नाही म्हटलं की इन्व्हर्टर दाखवणार. एकाने तर बाइकची पाच एएच पुढे केली, 'साहेब बारा व्होल्ट ते बारा व्होल्ट'. ती स्टार्टरला दोन सेकंद दणका द्यायला बनवलेली असते, सहा-सात तास हळूहळू पिळून काढली की महिन्या-दोन महिन्यांत बसते. आणि ॲसिडची असेल तर कयाक कलली की सांडणार, माझ्या पायाशी.

यूपीएसची सात एएच? फवारणी पंपाची आठ एएच? त्या शिशाच्या असल्या तरी निदान खऱ्या असतात, कृषी केंद्रात तालुक्याच्या गावीसुद्धा मिळतात, मी वर्षानुवर्षं वापरल्यात. पण वजन दोन-अडीच किलो, आणि टिकवायची असेल तर निम्म्याच्या खाली उतरवायची नाही, म्हणजे सातातले साडेतीन तुमचे. खाडीवरून दमून आल्यावर दोन दिवस चार्जिंगला लावायची राहिली की आतल्या प्लेटांवर सल्फेट धरून बसली.

आणि ते पॉवर बँकवाले सल्लागार. 'अरे बारा व्होल्टची ट्रिगर केबल लाव ना.' म्हणजे पॉवर बँकेकडून बारा व्होल्ट मागून घेणारी केबल. कितीतरी पॉवर बँका बारा व्होल्ट देतच नाहीत, नऊवरून थेट पंधरावर जातात. व्होल्ट वाढवणारं स्टेप-अप मॉड्यूल मधे घातलं तर स्क्रीनभर आडव्या-उभ्या रेघा, मासा कुठला आणि कचरा कुठला काही कळत नाही. शिवाय वीस हजार एमएएच लिहितात ते ३.७ व्होल्टवर, बारा व्होल्टला त्याचे सहा एएच होतात आणि कन्व्हर्टरचा लॉस वेगळा. हे कुणी लिहीत नाही. वॉट-अवर लिहायला ह्यांचे हात का थरथरतात? एक आकडा, सगळी लबाडी उघडी पडेल. आणि खाली ग्रॅममध्ये वजन लिहा. ३२७०० मापाचा एक फॉस्फेट सेल सहा एएचचा आणि साधारण १४५ ग्रॅमचा, बारा एएचला तसले आठ लागतात, म्हणजे नुसते सेलच सव्वा किलोच्या जवळ. माझा डबा अख्खा चारशे ग्रॅम भरला. डाळ-तांदूळ घेताना वजन बघतो आपण, बॅटरीच्या जाहिरातीत ते शोधून सापडत नाही.

फ्यूज तर कुणी देतच नाही. तीन अँपियरचा दहा रुपयांचा फ्यूज, तो प्लसच्या वायरला बॅटरीजवळ लावायचा, एवढंसं काम. त्याऐवजी उघडे चिमटे देतात, खारं पाणी लागलं की आठवड्यात हिरवे.

आणि आता चार्जर ऐका. गेल्या वर्षी घेतलेला सहा एएचचा पॅक खरोखर फॉस्फेटचा होता, सोबत चार्जर आला १२.६ व्होल्टचा. चार फॉस्फेट सेलला १४.६ लागतात! १२.६ वर सेलला जेमतेम ३.१५ मिळतात, म्हणजे बॅटरी जवळपास रिकामीच राहते आणि चार्जरचा हिरवा दिवा मात्र ऐटीत पेटतो. दुकानदाराला दाखवलं तर 'चालतं हो, सगळे हाच नेतात'. सगळे हाच नेतात म्हणजे सगळ्यांच्या बॅटऱ्या रिकाम्या आहेत, शेठ! १४.६ चा चार्जर दे, नाहीतर पॅकचे पैसे दे, दोन्हीपैकी एक झाल्याशिवाय मी काउंटरवरून हललो नाही, आणि ह्या नव्यालाही तसंच धरणार आहे.