पॉल कॅरॅकला 'बिचारा' म्हणू नका

1974 सालचं 'हाऊ लाँग' ऐकलेल्या बहुतेकांना ते प्रेमातल्या फसवणुकीचं गाणं वाटतं. किती दिवस चाललंय हे तुझं, असं विचारणारा माणूस आणि दुसऱ्याच कुणाच्या नादी लागलेली त्याची बायको किंवा मैत्रीण. प्रत्यक्षात ते भांडण आहे बेस गिटारवाल्याशी! लंडनच्या पबांमधून वाजवणारा 'एस' नावाचा बँड होता. त्यांचा बेसिस्ट टेरी कोमर गुपचूप दुसऱ्या बँडबरोबर वाजवायला जातो, हे बाकीच्यांना कळलं. बँडचा गायक आणि कीबोर्डवाला पॉल कॅरॅक भडकला आणि भडकलेल्या अवस्थेत त्याने गाणं लिहून टाकलं. पुढे कोमर परत आला. आता ते गाणं लावा आणि सुरुवातीचे काही सेकंद नीट ऐका. आधी फक्त बेस. दबकत, सावकाश पुढे सरकणारा, पाच दशकं झाली तरी कानातून न जाणारा. तो कोमरनेच वाजवलाय. ज्याच्यावर आरोप, त्यानेच आरोपपत्राची पहिली ओळ लिहावी तसं. आणि काय सुंदर लिहिली आहे!

हे गाणं 1975 मध्ये अमेरिकेत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. 'एस'ला तसं यश पुन्हा मिळालं नाही आणि 1977 मध्ये बँड मोडला. कॅरॅक तेव्हा 26 वर्षांचा. शेफील्डचा मुलगा, जन्म 1951 चा. पुढची चाळीसेक वर्षं हा माणूस दुसऱ्यांच्या बँडमध्ये वाजवत आणि गात राहिला. म्हणूनच त्याच्याबद्दल कुणीही लिहायला बसलं की सूर ठरलेला: एवढा गुणी, पण बिचाऱ्याचं नाव झालं नाही. मला हा सूर पटत नाही. का ते जरा सविस्तर लिहितो, पोस्ट लांबणार आहे.

रॉक्सी म्युझिक या ब्रिटिश बँडच्या 1979 च्या 'मॅनिफेस्टो' अल्बमवर कीबोर्ड याचे. 1984 मध्ये द स्मिथ्स या बँडचा पहिला अल्बम आला, त्यातला पियानो आणि ऑर्गन याचा. प्रिटेंडर्स बँडच्या 'लर्निंग टू क्रॉल' अल्बमवर हा आहे, गायक-गीतकार निक लोच्या बँडमध्ये हा आहे. जुलै 1990 मध्ये पिंक फ्लॉइडवाल्या रॉजर वॉटर्सने बर्लिनमध्ये 'द वॉल'चा तो अवाढव्य प्रयोग केला, तिथे 'हे यू' गायला हाच. स्मिथ्स आणि रॉक्सी म्युझिक ही दोन टोकांची नावं एकाच माणसाच्या कामाच्या यादीत येतात यातच सगळं आलं. या लोकांना कॅरॅकचा 'ठसा' नको होता, गाणं उभं राहायला हवं होतं, आणि तो ते उभं करून द्यायचा.

यातला सगळ्यात चांगला किस्सा 'टेम्प्टेड' या गाण्याचा. 1980-81 च्या सुमारास कीबोर्डवाला जूल्स हॉलंड बाहेर पडल्यावर स्क्वीझ या लंडनच्या बँडने कॅरॅकला कीबोर्डसाठी घेतलं. कीबोर्डसाठी, गाण्यासाठी नव्हे. गायक ग्लेन टिलब्रुक होताच, आणि तो काही ऐरागैरा गायक नाही. पण अल्बमच्या निर्मितीत असलेल्या गायक-गीतकार एल्व्हिस कॉस्टेलोने सुचवलं की हे गाणं या नव्या माणसाला गाऊ द्या. दुसऱ्या कडव्यात टिलब्रुक आणि कॉस्टेलो एकेक ओळ गाऊन जातात. ते आवाज येतात तेव्हा कळतं की कॅरॅकचा आवाज किती वेगळ्या मातीचा आहे. बाकीचे दोघं इंग्लंडातले पॉप गायक वाटतात, आणि हा अमेरिकेत, सोल संगीताच्या मेम्फिसमध्ये वाढल्यासारखा. तेव्हा गाणं अमेरिकेत 49 व्या क्रमांकावर अडलं. आज मात्र तिथे स्क्वीझ म्हटलं की लोकांना आधी 'टेम्प्टेड'च आठवतं. आणि गाणं असं गाजेपर्यंत कॅरॅक बँड सोडूनही गेला होता!

आता पैशाचं बोलू, कारण 'बिचारा' म्हणणारे नेमकं तेच बघत नाहीत. अमेरिकेत साध्या रेडिओवर गाणं वाजलं की गीतकार-संगीतकाराला आणि प्रकाशकाला रॉयल्टी मिळते. गाणाऱ्याला दमडी मिळत नाही. कायदाच तसा आहे. म्हणजे 'टेम्प्टेड' तिकडच्या स्टेशनांवर हजारो वेळा वाजलं असेल, पण त्याचे पैसे ते लिहिणाऱ्या स्क्वीझच्या डिफर्ड आणि टिलब्रुकला. 'द लिव्हिंग इयर्स'चंही तेच. माइक अँड द मेकॅनिक्स या बँडचं हे गाणं 1989 मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होतं. आवाज कॅरॅकचा, पण लिहिणारे बँडचा म्होरक्या माइक रदरफर्ड आणि बी. ए. रॉबर्टसन.

आणि याच्या बरोब्बर उलट गोष्ट आपल्याकडच्या लोकांनी नकळत ऐकलेली आहे. अमेरिकन बँड ईगल्सचा 1994 चा 'हेल फ्रीझेस ओव्हर' अल्बम आठवतोय? आठवणारच. नव्वदीच्या शेवटी स्पीकर विकणाऱ्या प्रत्येक दुकानात त्यातलं 'हॉटेल कॅलिफोर्निया' वाजत असायचं, सुरुवातीच्या त्या ढोलासारख्या ठोक्यांवर गिऱ्हाईक गार व्हायचं. त्या अल्बमवर फक्त चार नवी गाणी होती. त्यातलं 'लव्ह विल कीप अस अलाइव्ह' पॉल कॅरॅक, जिम कपाल्डी आणि पीटर व्हेल या तिघांनी लिहिलेलं, तिघेही इंग्लंडचे. ईगल्सच्या टिमथी श्मिट आणि डॉन फेल्डरबरोबर कॅरॅकचा एक बँड काढायचं घाटत होतं, तो काही झाला नाही. गाणं उरलं, ते श्मिटने ईगल्समध्ये गायलं आणि 1995 मध्ये अमेरिकेच्या अडल्ट कंटेम्पररी (म्हणजे सौम्य पॉप गाण्यांच्या) रेडिओ यादीत ते पहिल्या क्रमांकावर गेलं. रेडिओवर! म्हणजे जिथे लिहिणाऱ्याला पैसे मिळतात तिथे. दुसऱ्यांनी लिहिलेल्या पण त्याच्या आवाजातल्या गाण्यांवर तिथे त्याला काही मिळेना, आणि ज्यात त्याचा आवाजच नाही त्या गाण्याने त्याचं भलं केलं.

'द लिव्हिंग इयर्स'वर मात्र थांबायलाच हवं. रदरफर्ड आणि रॉबर्टसन, दोघांचेही वडील नुकतेच गेले होते आणि बोलायचं राहून गेलं होतं, त्यातून ते गाणं आलं. गायला दिलं कॅरॅकला, ज्याचे वडील तो 11 वर्षांचा असतानाच गेले. हे माहीत नसतानाही गाणं अंगावर येतं, कारण तो रडत नाही. पहिली ओळ गातो ती जवळजवळ बोलल्यासारखी, तक्रार सांगणाऱ्या मुलाच्या कोरडेपणाने. ध्रुवपदात आवाज चढतो तोही गरजेपुरताच. पुढे मुलांचा कोरस येतो. खरं सांगायचं तर तो कोरस आणि ते चकचकीत कीबोर्ड आज ऐकताना जरा जड जातात, ऐंशीच्या दशकाची ती सवयच होती. कुणी हात पसरून, डोळे मिटून गाणारा गायक असता तर त्या सगळ्याचा गोड चिखल झाला असता. कॅरॅकमुळे तो होत नाही. आणि हो, हे गाणं फिल कॉलिन्सचं नाही. रदरफर्ड आणि कॉलिन्स दोघेही जेनेसिस बँडमधले, म्हणून आवाजही जेनेसिसवाल्याचाच असणार असं धरून चालणारे मला दर वर्षी भेटतात.

आता त्याच्या विरोधात जाणारंही सांगतो, नाहीतर ही आरती होईल. त्याचे स्वतःचे अल्बम मला पूर्ण ऐकवत नाहीत. 1987 च्या 'डोन्ट शेड अ टिअर'ने त्याला अमेरिकेत पहिल्या दहांत नेलं, पण ते गाणं त्याने लिहिलेलं नाही आणि त्यातले ड्रम्स प्लॅस्टिकच्या बादलीवर वाजवल्यासारखे लागतात. नंतरचे अल्बम नीटनेटके, सुरेल, आणि सगळे एकाच तापमानाचे. दुसऱ्याच्या बँडमध्ये त्याच्या आवाजाला टक्कर द्यायला काहीतरी असतं: स्क्वीझची तिरकस गीतं, कॉस्टेलोचा आगाऊपणा, कोमरचा बेस. एकट्याच्या घरात ते नसतं. एकटा तारा व्हायची संधी त्याला मिळाली नाही असं नाही. मिळाली, आणि तिथे तो बरा होता. दुसऱ्यांच्या गाण्यात अफाट होता.

मग 2000 च्या सुमारास त्याने एक शहाणपणाची गोष्ट केली. पन्नाशीच्या उंबरठ्यावर, मोठ्या कंपन्यांना त्याच्यात रस राहिला नसताना, स्वतःचं लेबल काढलं. 'कॅरॅक-यूके', नावातही नखरा नाही. अल्बम स्वतः काढायचे आणि इंग्लंडभर नाट्यगृहांमधून दौरे करून ते विकायचे. ड्रम्सवर मुलगा. तिकीट काढून येणाऱ्यांना तीन-चार वेगवेगळ्या बँडची गाणी मूळ आवाजात ऐकायला मिळतात, आणि वर ईगल्सचंही एक.

2013 पासून तो गिटारवादक एरिक क्लॅप्टनच्या बँडमध्ये हॅमंड ऑर्गनवर बसू लागला. मे 2015 मध्ये रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये क्लॅप्टनच्या सत्तरीचे कार्यक्रम झाले, त्याचं रेकॉर्डिंग निघालंय. शेवटचं गाणं 'हाय टाइम वी वेंट', मुळात जो कॉकरचं. वाढदिवस क्लॅप्टनचा, सभागृह क्लॅप्टनच्या माणसांनी भरलेलं, आणि सांगतेला गातोय ऑर्गनवाला. क्लॅप्टन बाजूला गिटार वाजवतोय.

ऐकायचंच असेल तर 'हाऊ लाँग' आधी, हेडफोन लावून, बेससाठी. मग 'टेम्प्टेड', दुसऱ्या कडव्यात कोण कुठली ओळ गातंय ते ओळखत. मग 'लव्ह विल कीप अस अलाइव्ह' दोनदा: एकदा ईगल्सचं, एकदा कॅरॅकने 1996 च्या 'ब्लू व्ह्यूज'वर स्वतः गायलेलं. मला श्मिटचं जास्त आवडतं. यावर भांडायला कमेंट्स उघड्या आहेत.