जीन्स आधी मागून बघा

परवा मॉलमध्ये एका दुकानात ट्रायल रूमच्या रांगेत उभी होते. आतून एका मुलीचा रडवेला आवाज आला, "आई, कमरेत येतेय गं, पण मांडीतच अडकतेय." आई बाहेरून म्हणाली, "मग खाणं कमी कर!" माझी ना ओळख ना पाळख, पण राहवलं नाही. म्हटलं, "अहो, पोरीचं काही चुकलेलं नाही, जीन्सचं कटिंग तिच्यासाठी नाहीये." त्या बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की पुढचं सगळं पोटात ठेवून मी गुपचूप आत शिरले. ते आज इथे बाहेर काढतेय.

पंचवीस वर्षं जीन्स घालतेय, त्यातली पहिली पंधरा चुकीच्या. माझी कंबर ३०, सीट (म्हणजे नितंबांचा घेर) ४१, उंची पाच फूट एक इंच. तीस नंबर मांडीच्या वर चढायचा नाही. चौतीस आरामात चढायचा, पण मागे कमरेपाशी एवढी फट की मोबाइल आत सोडला असता तर थेट पायातून बाहेर आला असता. मग वरून लांब कुर्ता आणि खाली वाकताना एक हात कायम मागे. हा हात मागे नेण्याचा चाळा इतका अंगवळणी पडला होता की साडी नेसल्यावरही तो जायचा.

सगळ्यात आधी शरीराच्या आकाराला दिलेली ती फळांची नावं डोक्यातून काढा. मासिकांपासून रील्सपर्यंत सगळीकडे बायकांची मंडई मांडलेली असते. तुम्ही नासपती, तुम्ही सफरचंद, तुम्ही अजून काहीतरी. मी नासपती आहे हे कळून मला एकही जीन्स नीट मिळाली नाही. मिळाली ती टेप घेऊन मोजल्यावर.

मोजायचं काय, तर कंबर आणि सीट यांच्या जोडीला आसन. शिंपी ज्याला आसन म्हणतात ती शिवण कमरेच्या पुढच्या पट्ट्यापासून निघते, दोन पायांमधून जाते आणि मागच्या पट्ट्यापाशी संपते. दुकानातली मुलं हाय राइज, मिड राइज म्हणतात तेव्हा ती फक्त पुढच्या अर्ध्या भागाबद्दल बोलत असतात. सगळी गोम मागच्या अर्ध्यात आहे. मागचं आसन आखूड असलं की उभं राहिल्यावर जीन्स झकास दिसते आणि बसल्याबरोबर पट्टा खाली सरकतो. घरात जी पॅंट तुम्हाला सगळ्यात छान बसते ती पलंगावर पसरा आणि पुढून-मागून वेगवेगळं मोजा. माझं पुढे ११ इंच आणि मागे १५ निघालं. आता टेप पर्समध्येच असतो. दुकानातली मुलं हसतात, हसू देत.

मागच्या पट्ट्याखाली व्ही आकारात जोडलेली आडवी पट्टी असते, तिला योक म्हणतात. ब्लाउजला टक्स घालून जसा आकार आणतात तेच काम जीन्समध्ये योक करतो. व्ही खोल असेल तर कंबर आणि सीट यांतला फरक त्यात सामावतो. योक जवळजवळ सरळ असेल तर माझ्यासारखीच्या मागे फट पडणारच, नंबर कुठलाही घ्या. मागच्या खिशांचंही तसंच. छोटे आणि एकमेकांपासून लांब लावलेले खिसे सीट आहे त्यापेक्षा रुंद दाखवतात. जरा मोठे, मधल्या शिवणीकडे सरकलेले, थोडे वर लावलेले खिसे बघा. आणि हे आरशात मान वाकडी करून दिसत नाही. फोन मैत्रिणीच्या हातात द्या आणि मागून फोटो काढायला सांगा.

ट्रायल रूममध्ये स्टूल असेल तर बसा, नसेल तर उकिडवं बसा. लाज कसली, दार बंदच असतं. मांड्यांच्या सांध्यापासून दोन्ही बाजूंना आडव्या रेघा ओढल्यासारख्या दिसल्या तर सीटला किंवा मांडीला कापड कमी पडतंय. उभ्या चुण्या लोंबत असतील तर जास्त झालंय.

सिझेरियन झालेल्यांसाठी एक गोष्ट, जी मला कुठल्याही दुकानात कुणी सांगितली नाही. कमी उंचीच्या आसनाचा पट्टा बरोब्बर टाक्यांच्या रेघेवर येतो आणि दिवसभर घासतो. मी दोन वर्षं "आता जीन्स आपल्या नशिबात नाही" म्हणून लेगिंग्जवर काढली. पट्टा बेंबीपर्यंत नेला आणि प्रश्न मिटला.

कापडाबद्दल थोडक्यात. डेनिमचे उभे धागे निळे आणि आडवे पांढरे, म्हणून आतली बाजू फिकी दिसते. आतल्या लेबलवर कॉटन ९८ आणि इलास्टेन (ताणला जाणारा धागा) २ टक्के असेल तर रोजच्या वापराला उत्तम. पॉलिस्टर भरपूर असेल तर मुंबईच्या दमटपणात गुडघ्यामागे घामाच्या धारा. आणि हे नक्की बघा: जीन्सची घडी घालून पायाच्या दोन्ही शिवणी एकमेकींवर येतात का. डेनिमची वीण तिरकी असते, त्यामुळे कापड आधी नीट सेट केलेलं नसेल तर धुतल्यावर पाय पिळवटतो आणि बाजूची शिवण नडगीवर येऊन बसते. नवी असतानाच शिवणी जुळत नसतील तर खाली ठेवा, किंमत कितीही असो. माझी चार हजारांची जीन्स तीन धुण्यांत पिळली. उल्हासनगरहून साडेसहाशेला आणलेली सहा वर्षं सरळ चालतेय.

तरी माझ्या मते खरी जीन्स दुकानात मिळत नाहीच. सीटला आणि मांडीला बसेल ती घ्यायची आणि कंबर शिंप्याकडून आत घ्यायची. आमच्याकडे डोंबिवलीत स्टेशनजवळ एक अल्टरेशनवाले काका बसतात, जिन्याखाली जेमतेम मशीन मावेल एवढ्या जागेत. त्यांनी माझी जीन्स उलटी केली, बेल्ट अडकवायची मागची मधली पट्टी उसवली, पट्टा मागे मध्यावर उघडला, मग योक आणि सीटची शिवण एकत्र दोन इंच आत घेतली. चार-चार थर जमले तिथे छोट्या हातोडीने ठोकून ते आधी चपटे केले. मी विचारलं, हे कशाला? "ताई, नाहीतर सुई मोडते." डबीतून सोनेरी-तपकिरी जाड दोरा काढून जुन्या टाक्यांच्या शेजारी धरला, पटला नाही, दुसरा काढला. दोनशे रुपये. उंची कमी करतानाही त्यांना फक्त "ओरिजिनल बॉटम लावा" म्हणायचं. मूळची झिजलेली कड कापून तीच वर जोडून देतात.

"नवी जीन्स आणि लगेच शिंप्याकडे?" असं आमच्या जाऊबाई नाक मुरडून म्हणाल्या. अहो, ही पॅंट आली आहेच मुळी एका शिंप्याच्या डोक्यातून. अमेरिकेत नेवाडातल्या रीनो गावचा जेकब डेव्हिस हा शिंपी. एका लाकूडतोड्याची बायको त्याच्याकडे न फाटणारी पॅंट मागायला आली, तेव्हा त्याने खिशांच्या कोपऱ्यांवर तांब्याचे रिव्हेट, म्हणजे छोटे पक्के खिळे, ठोकले. कापड पुरवणाऱ्या लेव्ही स्ट्रॉसबरोबर १८७३ साली त्याचं पेटंट घेतलं. आणि जीन्सची चुलत बहीण डंगरी, तिचं नाव तर आपल्या मुंबईच्या डोंगरीवरून गेलंय. म्हणजे जाऊबाई, माहेरचं नातं आहे.

पुरुषांनो, तुम्हीही हसू नका. पोटाखाली पट्टा बांधून "माझी कंबर अजून ३४च" म्हणणारा एक गृहस्थ आमच्या घरात आहे. पट्टा पोटाखाली गेला की आसन खाली लोंबतं आणि मागे रिकामी पिशवी होते. परवा त्यांना ३८ची, उंच आसनाची, सरळ पायाची जीन्स घालायला लावली. लेबल बघून तोंड पडलं होतं. काल ऑफिसातून आल्यावर म्हणाले, "अशीच अजून एक मिळेल का? पण तो आकडा आतून काढून टाक."

काढला. काकांनी त्याचे पैसे घेतले नाहीत.