‘पळवाट’ म्हणणाऱ्यांना, आणि ते वाचून गप्प बसलेल्यांना

गेले काही दिवस एकच मजकूर मला वेगवेगळ्या लोकांकडून येतोय. शेवटचा पाठवला तो ऑपरेशन होऊन जेमतेम पाच आठवडे झालेल्या एका मुलीनं. खाली एवढंच लिहिलं होतं: ‘ताई, हे खरं आहे का?’ तिला मी लगेच दोन ओळींत उत्तर दिलं. पण हा मजकूर वाचून मान खाली घालणारी ती एकटी नसणार, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

मजकूर थोडक्यात असा: ‘वजन कमी करायचं ऑपरेशन ही आळशी माणसांची पळवाट आहे. एकदा केलं की वजन आपोआप उतरतं. वर्षभरात सगळं पूर्ववत होतं, गोळ्याही लागत नाहीत. वजन परत वाढलं तर तो फक्त जिभेचा दोष. आणि ऑपरेशन झालेल्यांचे गट म्हणजे नुसतं रडगाणं. सल्ला घ्यायचा तर डॉक्टरांचा, बाकी सगळा वेळेचा अपव्यय.’

माझं बायपास (हृदयाचं नव्हे, वजन कमी करायचं, जठराचं) होऊन सात वर्षं झाली. त्यातली सहा वर्षं मी अशाच एका गटात बसते. मी डॉक्टर नाही. इथे लिहितेय ते काही डॉक्टरांकडून समजून घेतलेलं, काही वाचलेलं आणि बरंचसं अंगावरून गेलेलं.

‘आळशी माणसांची पळवाट’

या ऑपरेशनचे दोन प्रकार इथे येतील, स्लीव्ह आणि बायपास. स्लीव्हमध्ये जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग कायमचा काढून टाकतात आणि एक अरुंद नळी मागे ठेवतात. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला सुमारे ३० मिलीलिटरची पिशवी करतात आणि लहान आतडं वर आणून तिला जोडतात. लोकांना वाटतं, जागा कमी झाली म्हणून माणूस कमी खातो, संपलं. पण भूक जागवणारं घ्रेलिन हे संप्रेरक जठराच्या ज्या भागात मुख्यतः तयार होतं, तोच भाग स्लीव्हमध्ये जातो. बायपासनंतर पोट भरल्याचा निरोप मेंदूला पोचवणारी जीएलपी-१ आणि पीवायवाय ही संप्रेरकं जेवणानंतर पूर्वीपेक्षा जास्त स्रवतात. म्हणजे ऑपरेशननं भुकेचं गणितच बदलतं.

ते बदलावं का लागतं, याचं उत्तर ‘आळस’ या शब्दात नाही. १९९५ मध्ये रूडॉल्फ लायबेल या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की वजन १० टक्क्यांनी उतरवून तिथेच टिकवलं, तर शरीर आपला ऊर्जेचा खर्च अपेक्षेपेक्षाही खाली आणतं. शरीर जुन्या वजनाकडे ओढत राहतं. माझ्यासारख्यांनी ती ओढ वीस वीस वर्षं अंगावर घेतलेली असते. दर वेळी थोडं उतरायचं, दर वेळी त्याहून जास्त चढायचं. एवढं झाल्यावर कुणी ऑपरेशनच्या टेबलावर झोपत असेल, तर त्याला आळशी म्हणण्याआधी त्याच्याशी दहा मिनिटं बोलून बघा.

‘वजन आपोआप उतरतं’

पहिलं वर्ष काटा भराभर खाली येतो, हे खरं. पण त्या वर्षात माणूस काय करत असतो? आधी फक्त पातळ, मग गाळलेलं, मग मऊ, मग हळूहळू घट्ट. जेवताना पाणी नाही, जेवल्यावर अर्धा तास पाणी नाही. दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रोटीन गेलं पाहिजे, आणि पोटात एका वेळी मावतात चार घास. सुरुवातीच्या आठवड्यात एक पेला पाणी संपवायला मला तासाहून जास्त वेळ लागायचा. तहान लागलेली असायची, समोर पाणी असायचं, आणि एक घोट जास्त घेतला की छातीत कळ यायची. गोड चुकून जास्त गेलं तर डंपिंग: अर्ध्या तासाच्या आत धडधड, घाम, पोटात मुरडा, आडवं पडल्याशिवाय गत्यंतर नाही. काहींना दोन तासांनी साखर एकदम खाली जाऊन हातपाय थरथरतात. यातलं काहीही आपोआप होत नाही.

‘वर्षभरात गोळ्याही लागत नाहीत’

सगळ्या मजकुरातलं हे वाक्य मला सर्वांत धोकादायक वाटतं. बाकीच्या वाक्यांनी मन दुखावतं, हे पाळलं तर शरीर निकामी होऊ शकतं.

बी-१२ हे जीवनसत्त्व शोषलं जायला जठरातलं आम्ल आणि जठरातच तयार होणारं एक प्रथिन लागतं. ऑपरेशननंतर दोन्ही कमी पडतात. पण यकृतात बी-१२चा साठा असतो आणि तो काही वर्षंसुद्धा पुरू शकतो. म्हणून पूरक गोळ्या सोडलेला माणूस वर्षभर ठणठणीत असतो आणि सगळ्यांना सांगत सुटतो की मला काहीच झालं नाही. साठा संपतो तेव्हा पायांना मुंग्या यायला लागतात, तोल जातो, विसरायला होतं. उपचार उशिरा झाले तर नसांची काही इजा भरून येत नाही. आमच्या गटातल्या एका बाईंनी चौदाव्या महिन्यात गोळ्या बंद केल्या होत्या. तळपाय बधिर झाले तेव्हा त्यांनी चपला दोन वेळा बदलल्या. रक्त तपासायचं त्यांच्या मनातही आलं नाही.

लोह मुख्यतः लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात शोषलं जातं. बायपासमध्ये अन्न नेमकं तो भाग टाळून जातं. पाळी सुरू असलेल्या बायकांना याचा फटका लवकर बसतो. कॅल्शियम आणि लोह एकत्र घेतलं तर शोषणात अडथळा येतो, म्हणून दोन्हींत निदान दोन तासांचं अंतर ठेवायला सांगतात. थायमिनचा, म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाचा, साठा तर काही आठवड्यांतच संपतो. सतत उलट्या होत असतील आणि डोळ्यांपुढे दोन दोन दिसायला लागलं, चालताना झोक जायला लागला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. मेंदूला होणारी ती इजा काही वेळा कायमची राहते.

म्हणजे पूरक गोळ्या आणि रक्ताच्या तपासण्या जन्मभर. आणि एक गोष्ट जाता जाता: बायपास झालेल्यांनी अंगदुखीवर आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारखी गोळी स्वतःच्या मनानं घेऊ नये. पिशवी आणि आतड्याच्या जोडाच्या जागी अल्सर होऊ शकतो. धूम्रपानानंही होतो. कुठल्याही दुखण्यासाठी कुठल्याही डॉक्टरांकडे गेलात तरी आपलं ऑपरेशन झालंय हे पहिल्या वाक्यात सांगा.

‘वजन परत वाढलं तर जिभेचा दोष’

या विषयावरचा सर्वांत दीर्घ अभ्यासांपैकी एक स्वीडनमध्ये १९८७ मध्ये सुरू झाला. ऑपरेशन केलेले दोन हजारांवर लोक आणि न केलेले जवळपास तितकेच, अशा दोन गटांची वर्षानुवर्षं पाहणी झाली. बायपास केलेल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्के उतरलं होतं. दहा वर्षांनी ही घट २५ टक्के होती. म्हणजे थोडं वजन परत येणं ही सरासरी माणसाची गोष्ट आहे. आणि त्याच आकड्यात दुसरी गोष्टही आहे: बहुतेक घट टिकली. याच अभ्यासाच्या २०२० मधल्या निष्कर्षांनुसार ऑपरेशन झालेल्यांचं आयुर्मान न झालेल्या गटापेक्षा सुमारे तीन वर्षांनी जास्त निघालं.

वजन परत येण्याची कारणं अनेक. शरीराची ती जुनी ओढ, वय, गरोदरपण, झोपेची दैना, स्टेरॉइड किंवा मनाच्या आजारावरची काही औषधं, कधी पिशवीचा जोड सैल होणं. खाण्याचाही वाटा असतो, तो मी नाकारणार नाही. दिवसभर येता-जाता थोडं थोडं तोंडात टाकत राहिलं तर छोटं पोटसुद्धा हरतं. पण ‘दोष’ हा शब्द माणसाला उपचारापासून दूर नेतो, हे मी स्वतःवरून सांगते.

चौथ्या वर्षी माझं वजन नऊ किलो वाढलं. एका तपासणीत काट्याकडे बघून मला विचारलं गेलं, ‘झालं का तुमचं खाणं पुन्हा सुरू?’ मी घरी आले आणि पुढचे आठ महिने ना तपासणीला गेले, ना गटात. गोळ्याही अनियमित झाल्या. गटातल्या एका काकांनी फोन केला. ते म्हणाले, ‘अगं, माझं अकरा वाढलं होतं. मी पण तोंड लपवून बसलो होतो. तू ये, बाकीचं मग बघू.’ मी गेले. नंतर रक्त तपासलं तेव्हा हिमोग्लोबिन बरंच खाली आलेलं होतं. थकव्यामुळे चालणं बंद पडलं होतं आणि त्या थकव्यालाच मी माझा आळस समजत होते. मजकूर लिहिणाऱ्यांनी वापरलेला शब्द मी स्वतःसाठी वापरत होते.

‘गट म्हणजे नुसतं रडगाणं’

रडतो आम्ही. ज्याला वीस वर्षं कुणी रडू दिलं नाही, तो पहिल्यांदा बसतो तेव्हा रडतो. पुढच्या बैठकीला तोच दुसऱ्याला पाण्याचे घोट मोजायची युक्ती सांगत असतो.

डॉक्टरांची भेट वर्षातून मोजक्या वेळा, तीही काही मिनिटांची. तिसऱ्या महिन्यात केस मुठीनं हातात यायला लागतात तेव्हा रात्री अकराला कोण सांगणार, की वजन झपाट्यानं उतरल्यावर असं होतं आणि बहुतेकांचे केस पुन्हा येतात? वजन चाळीस किलोंनी उतरलं तरी आरशात जुनंच शरीर दिसतं आणि दारातून अंग तिरकं करून जायची सवय सुटत नाही. नवरा किंवा बायको अचानक परक्यासारखं वागायला लागते. पूर्वी ढुंकून न बघणारे गोड बोलायला लागतात आणि त्याचा आनंद व्हायच्या ऐवजी राग येतो. आणि खाण्याचा वियोग होतो. हो, वियोगच. सुखात, दुःखात, एकटेपणात जे सोबत होतं ते गेलेलं असतं. हे ज्याच्यावर गुजरलंय त्यालाच पूर्ण कळतं.

ती रिकामी जागा दुसरं काही भरू पाहतं. ऑपरेशननंतर दारू लवकर आणि जास्त चढते. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत दारूच्या विकाराचं प्रमाण ऑपरेशनआधी ७.६ टक्के होतं, ते दुसऱ्या वर्षी ९.६ टक्के झालं. पहिल्या वर्षी ते वाढलं नव्हतं. म्हणजे सगळे अभिनंदन करून आपापल्या कामाला लागलेले असतात, त्या काळात हे घडतं. गट नेमका त्याच काळात कामाला येतो. काही अभ्यासांत ऑपरेशननंतर स्वतःला इजा करून घेण्याचं प्रमाणही वाढलेलं दिसलंय. मनात तसे विचार येत असतील तर ते आजच कुणाला तरी सांगा आणि मानसोपचार घ्या.

गटात नियमित येणाऱ्यांचं वजन जास्त उतरतं असं बऱ्याच पाहण्यांत आढळलंय. पण जो मुळात उत्साही असतो तोच नियमित येतो, हीही शक्यता आहे. त्यामुळे ‘गटात या, वजन उतरेल’ असं मी कुणाला सांगत नाही.

‘सल्ला डॉक्टरांचाच’ यात मात्र तथ्य आहे, आणि ते मान्य केल्याशिवाय गट चांगला चालत नाही. गट बिघडताना मी पाहिलेत. ‘मी दुसऱ्या आठवड्यात घट्ट खाल्लं, काही झालं नाही’ असं एक जण म्हणतो आणि दुसरा टाक्यांवर ताण आणतो. कुणी स्वतःचा गोळ्यांचा डोस दुसऱ्याला देतं. पाच दिवस फक्त पातळ खाऊन पिशवी पुन्हा लहान होते, असं सांगत कुणीतरी येतं. तशी ती होत नाही. दर आठवड्याला किलोंची तुलना सुरू झाली की ज्याचं कमी उतरलं तो यायचा थांबतो.

आमच्याकडे म्हणून बोलण्याची रीत ठरलेली आहे. ‘मला असं झालं, मी हे विचारलं’ एवढंच म्हणायचं. ‘तू हे घे’ म्हणायचं नाही. आणि काही गोष्टी गटात विचारायच्याच नाहीत, सरळ रुग्णालयात जायचं: नाडी सतत १२०च्या वर, ताप, धाप, वाढत जाणारी पोटदुखी, पाण्याचा घोटही न टिकणं, काळी शौच, पोटरीला सूज. बायपासनंतर कित्येक वर्षांनीही पोटात पिळवटून येणारी कळ अंगावर काढायची नाही, कारण आतडं आतल्या फटीत अडकलेलं असू शकतं. एकदा ऑपरेशननंतर सहाव्या दिवशी एकानं रात्री लिहिलं की छाती धडधडतेय, घाबरल्यामुळे असेल का. तिघांनी मिनिटाभरात एकच उत्तर दिलं: नाडी मोज. १२८ होती. तो लगेच निघाला. टाक्यांच्या जागी गळती होती आणि ती वेळेत सापडली. गटानं त्याच्यावर उपचार केले नाहीत. त्याला घरी बसू दिलं नाही.

पाच आठवडे झालेल्या त्या मुलीला मी लिहिलं होतं, ‘नाही गं, खरं नाही. आज पाणी किती गेलं?’

‘दुपारपर्यंत अर्धा लिटर,’ तिनं कळवलं. आदल्या दिवशी तेवढं जायला तिला रात्र झाली होती.